टीव्ही कॅप्चर कार्ड लिनक्सवर चालवायचं तर आधी चिप ओळखा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका घरी १९९०च्या दशकातल्या वीसेक व्हीएचएस कॅसेटी आहेत: जत्रेतली मराठी नाटकं, दोन लग्नं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्या. त्या संगणकावर उतरवायच्या आहेत. जुन्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय टीव्ही ट्यूनर कार्ड आहे, शिवाय म्हापशाहून आणलेलं ‘ईझीकॅप’ नावाचं यूएसबी यंत्र आहे. संगणकावर लिनक्स मिंट आहे. पीसीआय कार्डावर चॅनल शोधले तर एकही सापडत नाही. ईझीकॅपवर कधी नुसता काळा पडदा, कधी काळंपांढरं, वर सरकत राहणारं चित्र. आवाज दोन्हींवर नाही. कार्डं मेली, की लिनक्सला ती चालतच नाहीत?

या लक्षणांवरून दोन्ही कार्डं धडधाकट असण्याचीच शक्यता जास्त. चॅनल न सापडण्याचं कारण कार्डात नाहीच, हवेत आहे. काळा पडदा म्हणजे चुकीचं इनपुट आणि सरकणारं काळंपांढरं चित्र म्हणजे पॅल या आपल्याकडच्या चित्रपद्धतीऐवजी एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत लागलेली. आवाजाची गोष्ट थोडी लांबलचक आहे, ती पुढे येईल.

सुरुवातीला एक सूचना. खालच्या आज्ञा देवनागरीत, अक्षराला अक्षर लावून लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि साध्या आकड्यांत टाइप करायच्या, मोठं अक्षर कुठेच नाही.

आधी ट्यूनरचं बोलून मोकळं होऊ. या जुन्या कार्डांचा ट्यूनर अ‍ॅनालॉग प्रक्षेपणासाठी आहे. केबलच्या डिजिटायझेशनच्या चौथ्या आणि शेवटच्या टप्प्याची मुदत मार्च २०१७ ची होती, आणि दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही त्यानंतर टप्प्याटप्प्यानं बंद होत गेले. त्यामुळे अँटेनाच्या सॉकेटात काहीही खोचलं तरी स्कॅनमध्ये मुंग्याच दिसणार. कॅसेटी उतरवायला त्या सॉकेटाची गरजही नाही. कार्डाच्या मागची पिवळी आरसीए सॉकेट किंवा चार पिनांची गोल एस-व्हिडिओ सॉकेट, एवढंच कामाचं. व्हीसीआरला पिवळं आउटपुट नसून फक्त आरएफ आउट (अँटेनाच्या वायरीनं जाणारं) असेल तरच ट्यूनर वापरावा लागतो, पण त्यात चित्र आणखी मऊ होतं. तशा वेळी दुसरा व्हीसीआर मिळवलेला बरा.

आता चिप. ईझीकॅप हे कंपनीचं नाव समजू नका. एकाच दिसण्याच्या डब्यात आणि एकाच छापाच्या खोक्यात वर्षानुवर्षं वेगवेगळ्या चिपा भरून विकल्या गेल्या आहेत. लिनक्सला डब्याशी कर्तव्य नाही, चिपच्या ओळख-क्रमांकाशी आहे. यंत्र न लावता ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा एकदा चालवा, मग यंत्र लावून पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी जी ओळ नव्यानं आली तिच्यातले चार-चार अक्षरांचे दोन गट बघायचे.

०५ई१:०४०८ असेल तर ती सिंटेकची एसटीके११६० चिप. तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) २०१२च्या कर्नल ३.७ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वेगळं काही बसवायचं नाही. १बी७१:३००२ म्हणजे यूटीव्ही००७ चिप आणि यूएसबीटीव्ही हा ड्रायव्हर, तोही २०१३च्या कर्नल ३.११ पासून आत आहे. ईबी१ए ने सुरुवात होत असेल तर एम्पियाची चिप आणि ईएम२८एक्सएक्स ड्रायव्हर. यात एक खोच आहे. ईबी१ए:२८६१ सारखे क्रमांक कितीतरी वेगवेगळ्या यंत्रांना दिलेले असल्यामुळे ड्रायव्हर यंत्राला ‘अनोळखी’ म्हणून सोडून देतो आणि चित्र येत नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून ‘मॉडप्रोब ईएम२८एक्सएक्स कार्ड=६४’ असा परत चढवून बघा. ६४ हा ईझीकॅप डीसी-६० चा क्रमांक आहे. ५३४डी:००२१ हे अलीकडचं यंत्र लिनक्सला साध्या वेबकॅमसारखं दिसतं. लावल्याबरोबर चालतं, पण चित्र आतच दाबून देतं, त्यामुळे मूळ प्रत म्हणून ते पसंत करू नये.

राहिला १सी८८:०००७. ही सोमॅजिकची चिप. हिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही. विंडोजच्या सीडीतून फर्मवेअर काढून, वेगळा प्रोग्राम बांधून ती चालवता येते, पण त्या खटपटीत एक आठवडा घालवण्यापेक्षा एसटीके११६० चं यंत्र शोधून घ्या.

क्रमांक ओळखीचा आहे, तरी /डेव्ह/व्हिडिओ० सारखं काही उगवत नसेल, तर बहुधा ड्रायव्हरची फाइलच यंत्रावर नाही. उबुंटूच्या घराण्यात (मिंटही त्यातलंच) व्हिडिओचे बरेचसे ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात असतात. चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचं ते पॅकेज बसवा. आवृत्ती ‘यूनेम -आर’ सांगतं.

पीसीआय कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएन’. १०९ई:०३६ई दिसलं तर बीटी८७८ चिप आणि बीटीटीव्ही ड्रायव्हर. ११३१:७१३०, ७१३३ किंवा ७१३४ दिसलं तर फिलिप्सची चिप आणि एसएए७१३४ ड्रायव्हर. इथे चिप ओळखून भागत नाही. पिवळी सॉकेट चिपच्या कुठल्या पायाला जोडली आहे हे प्रत्येक कार्डात वेगळं असतं, आणि ते ड्रायव्हर कार्डाच्या ओळख-क्रमांकावरून ठरवतो. तो क्रमांक कार्डावरच्या ईईप्रॉम नावाच्या छोट्या स्मृती-चिपमध्ये लिहिलेला असतो. स्वस्त कार्डांत तो ईईप्रॉमच नसतो. मग ‘डीमेसग’ या आज्ञेनं दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांत एसएए७१३४ चा ड्रायव्हर उपरोधानं अभिनंदन करतो: तुमच्या कार्ड बनवणाऱ्यानं ईईप्रॉमचे चार पैसे वाचवले, म्हणून मला हे कार्ड ओळखता येत नाही. कर्नलमध्ये इतका मोकळा राग क्वचितच सापडतो. त्याच्याखाली कार्डांची क्रमांकवार यादी येते. कार्डाच्या पाटीवर जे छापलेलं आहे ते त्या यादीत शोधायचं. उदाहरणार्थ पिनॅकल पीसीटीव्ही ४०आय, ५०आय आणि ११०आय या तिघांचा क्रमांक ७७. मग /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरात .कॉन्फ शेपटीची एक फाइल करून तिच्यात एक ओळ लिहायची: ‘ऑप्शन्स एसएए७१३४ कार्ड=७७’. संगणक पुन्हा सुरू केला की झालं. पाटीवर काहीच छापलेलं नसेल तर जवळपासचे क्रमांक एकेक करून लावून पाहणं एवढाच मार्ग. पिवळ्या सॉकेटवर चित्र आलं की थांबा. ट्यूनर आपल्याला नको आहे, तेव्हा ट्यूनरचा क्रमांक चुकला तरी बिघडत नाही.

इथून पुढचं पीसीआय आणि यूएसबी दोघांनाही सारखंच. ‘व्ही४एल-युटिल्स’ हे पॅकेज बसवा. त्यासोबत खिडकीतून चालणारा ‘क्यूव्ही४एल२’ ही घ्या, चाचणीसाठी याच्याइतकं सोपं काही नाही. चीजसारख्या वेबकॅमच्या प्रोग्रामावर चाचणी करू नका. त्याला इनपुट निवडताच येत नाही आणि तुमची समजूत मात्र होते की कार्ड बाद.

‘व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-डिव्हायसेस’ नं कार्डाचा पत्ता कळतो. लॅपटॉप असेल तर व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ हे दोन्ही पत्ते त्याच्या वेबकॅमनंच अडवलेले असतात, कॅप्चर कार्ड व्हिडिओ२ वर जाऊन बसतं. काळ्या पडद्याऐवजी स्वतःचाच चेहरा दिसला तर कारण हेच. पत्ता सापडला पण ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर आपलं नाव ‘व्हिडिओ’ गटात घालून लॉगआउट करून परत या.

मग इनपुट. ‘व्ही४एल२-सीटीएल -डी /डेव्ह/व्हिडिओ२ --लिस्ट-इनपुट्स’ (व्हिडिओ२ च्या जागी आपल्या कार्डाचा पत्ता) चालवलं की नावं आणि क्रमांक येतात. पीसीआय कार्डांत सहसा ० म्हणजे टेलिव्हिजन, १ म्हणजे कंपोझिट (पिवळी सॉकेट), २ म्हणजे एस-व्हिडिओ. कार्ड सुरू होताना ० वर असतं, म्हणजे मेलेल्या ट्यूनरवर. म्हणून पडदा काळा. ‘-आय १’ देऊन ते कंपोझिटवर आणायचं. एसटीके११६० मध्ये उलट: कंपोझिट० ते कंपोझिट३ अशी चार नावं दिसतात, डब्याला पिवळी वायर एकच असते आणि ती ० वर असते, दुसरा क्रमांक लागला की पडदा काळा. याच यादीत प्रत्येक इनपुटापुढे स्थिती लिहिलेली असते. कॅसेट चालू असताना ‘नो सिग्नल’ दिसलं तर सॉफ्टवेअर सोडा आणि वायर बघा.

मग पद्धत. भारतात पॅल आहे: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६. एसटीके११६० आणि यूएसबीटीव्ही हे दोन्ही ड्रायव्हर सुरू होताना एनटीएससी गृहीत धरतात, म्हणजे ५२५ रेषा आणि ४८० ची उंची. पॅलचं चित्र एनटीएससीच्या साच्यात ओतलं की ते वर सरकत राहतं, आणि रंग शोधण्याची वारंवारताही वेगळी असल्यामुळे रंग उडतात. इलाज एका ओळीचा: ‘व्ही४एल२-सीटीएल -डी /डेव्ह/व्हिडिओ२ -एस पाल’, यातलं शेवटचं नाव रोमनमध्ये तीन अक्षरी आहे. त्यानंतर ‘--गेट-स्टँडर्ड’ नं खात्री करा. यंत्र काढून परत लावलं की हा निर्णय पुसला जातो, म्हणून इनपुट आणि पद्धत या दोन्ही आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून प्रत्येक कॅसेटीआधी चालवाव्यात.

आपल्याकडे नातेवाइकांनी बाहेरून पाठवलेल्या कॅसेटीही कपाटात असतात. दुबई, कुवेत किंवा पोर्तुगालहून आलेली कॅसेट पॅलच असते. कॅनडा-अमेरिकेतली एनटीएससी असते आणि तिला एनटीएससी वाचणारा व्हीसीआरही लागतो. तिच्यासाठी वरची आज्ञा उलटी फिरवायची.

चित्र स्थिर आहे, पण काळंपांढरं आहे आणि त्यावर बारीक जाळी दिसते, असं झालं तर पद्धतीत दोष नाही. कंपोझिटचा सिग्नल एस-व्हिडिओच्या इनपुटात जातोय. इनपुटाचा क्रमांक बदला.

यूएसबीबाबत एक फसवी चूक सांगायला हवी. रेकॉर्डिंग सुरू करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो आणि माणूस हार्ड डिस्क रिकामी करत बसतो. हा संदेश डिस्कबद्दल नाही, यूएसबीच्या रस्त्यावर जागा उरली नाही असं त्याचं म्हणणं आहे. हिशेब करून बघा: ७२० गुणिले ५७६ बिंदू, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट. यूएसबी २.० वर अशा अखंड प्रवाहासाठी एका यंत्राला जास्तीत जास्त साडेचोवीस मेगाबाइटांची वाट मिळते. म्हणजे रस्ता जवळजवळ पूर्ण भरला. त्याच हबवर वेबकॅम किंवा बाहेरची डिस्क असेल तर गाडी अडणारच. कॅप्चर यंत्र थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावा, डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात. लांब एक्स्टेन्शन वायर टाळा.

आता आवाज. यूएसबी यंत्रात आवाजाचं वेगळं साउंड कार्ड असतं. ‘एरेकॉर्ड -एल’ नं त्याचा क्रमांक बघायचा, आणि तो दर वेळी बदलू शकतो हे लक्षात ठेवायचं. मग ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ६ दाबून ते कार्ड निवडा, एफ४ दाबून कॅप्चरच्या पानावर जा, ‘लाइन’ वर येऊन स्पेस दाबा. लाल अक्षरांत ‘कॅप्चर’ उमटलं की आवाज सुरू. एसटीके११६० मध्ये हे न केल्यामुळेच बहुतेकांना आवाज मिळत नाही.

एसएए७१३४ कार्डाचा आवाज ‘एसएए७१३४-अल्सा’ या ड्रायव्हरमधून येतो. तिथंही लाइन१ किंवा लाइन२ निवडावी लागते. रेकॉर्डिंग ४८००० हर्ट्झवर खरखरलं तर ३२००० वर ठेवून बघा. बीटी८७८ ची जुनी कार्डं आवाज बाहेरच्या छोट्या वायरनं मदरबोर्डाच्या निळ्या लाइन-इन सॉकेटात द्यायची. ती वायर हरवलेली असते, आणि मग माणूस लिनक्सला बोल लावतो. व्हीसीआरच्या पांढऱ्या सॉकेटातून सरळ लाइन-इनमध्ये जोडलं तरी चालतं, कार्डाला वळसा घालायचं कारण नाही. फक्त गुलाबी माइकच्या सॉकेटात कधीही जोडू नका. लाइनचा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरकस असतो, आवाज फाटतो.

जुन्या व्हीसीआरला आवाजाची एकच सॉकेट असते. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये आवाज फक्त डाव्या कानात येतो. हा दोष मानू नका. शेवटची प्रत करताना डावा मार्ग मोनो करून दोन्हींकडे द्यायचा.

इथपर्यंत कार्डाचं झालं. पण कॅसेटी उतरवताना वेळ खरा खातात त्या कॅसेटी आणि व्हीसीआर, आणि गोव्यात तर जास्तच. चार महिने पाऊस, बाकीचे महिने खारी हवा. कपाटात डांबरगोळ्या टाकल्या असल्या तरी त्या ओल शोषत नाहीत. म्हणून कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी उजेडात धरा. खिडकीतून दिसणाऱ्या रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. बाजूची छोटी कळ दाबून पुढची झडप उचला आणि फितीचा पृष्ठभागही बघा. बुरशी लागलेली कॅसेट एकदा जरी चालवली तरी फीत वाचणारे व्हीसीआरचे हेड तुंबतात आणि तोच व्हीसीआर पुढच्या दहा कॅसेटींना ती बुरशी वाटत सुटतो. ती वेगळी ठेवा.

नुसती दमट असलेली, बुरशी नसलेली कॅसेट आधी वाळवायची. उन्हात मुळीच नाही, डबा वाकतो आणि फीत ताणली जाते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात दहा कॅसेटींमागे पाव किलो सिलिका जेल ठेवून आठवडाभर बंद करा. निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्या. ही सगळी कामं जानेवारी-फेब्रुवारीत काढली तर अर्धी मेहनत हवाच करते. बुरशीच्या कॅसेटीही अशाच वाळवा. ओल गेली की बुरशी सुकून भुकटी होते आणि मग मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं हळू पुसता येते. ते काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून करा. डबाच फुटला असेल किंवा आतला पट्टा सुटला असेल तर खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं जशीच्या तशी दुसऱ्या चांगल्या कॅसेटीच्या डब्यात बसवता येतात. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फीत कुठल्या खांबाच्या आतून जाते आणि कुठल्याच्या बाहेरून, हे नंतर कुणाला आठवत नाही.

कुठलीही कॅसेट चालवण्याआधी तिच्या कडेची, रेकॉर्डिंगला मुभा देणारी प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडा. एक चुकीचं बटण आणि ३० वर्षांपूर्वीच्या नाटकावर निळा पडदा उमटायचा. मग शेवटपर्यंत एकदा पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत सैल होते आणि चित्राची थरथर कमी होते.

हेड साफ करायचे तर व्हीसीआरची पिन भिंतीतून काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी राहतं. शामॉय चामड्याचा तुकडा त्यात भिजवून, हेड ज्यावर बसवलेले असतात त्या फिरत्या ड्रमला टेकवून धरा, हात हलवू नका, आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून हळूहळू फिरवा. कापूस गुंडाळलेली काडी इथे चालत नाही. ड्रमच्या कडेला केसाएवढ्या जाडीची हेडची टोकं बाहेर आलेली असतात, कापसाचा धागा त्यात अडकला की टोक तुटतं. आणि तुकडा वर-खाली कधीच घासायचा नाही. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत अर्धा तास थांबा. वातानुकूलित खोलीतून व्हीसीआर दमट खोलीत आणला असेल तर ड्रमवर दव धरतं, फीत चिकटते. मग दोन तास तसाच ठेवायचा.

किनारपट्टीच्या घरांत आरसीएच्या पिना हिरवट पडलेल्या असतात. चित्रात आडव्या ठिणग्या, हात लावला की चित्र येतं-जातं, असं असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा किंवा वायरच बदला. थोडक्या पैशांत प्रश्न मिटतो. चित्रावरून एक जाड, फिकट आडवा पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकत असेल, तर तो ५० हर्ट्झचा गुंजारव आहे: व्हीसीआर आणि संगणक यांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जाते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, व्हीसीआरला जोडलेली केबलची वायर काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीवर चालवा. अर्थिंगची पिन मोडून हा पट्टा जातो हे खरं, पण ती मोडायची नाही. आणि पावसाळ्यात रेकॉर्डिंग करणार असाल तर संगणक आणि व्हीसीआर दोन्ही यूपीएसवर असू द्या. तीन तासांच्या कॅसेटीच्या अडीचाव्या तासाला वीज गेलेली परवडत नाही.

रेकॉर्डिंगला ‘एफएफएमपेग’ वापरा. त्याला या गोष्टी सांगायच्या: चित्र व्ही४एल२ (लिनक्सची व्हिडिओ यंत्रणा) मधून, पद्धत पॅल आणि आकार ७२०×५७६, आवाज अल्सा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) मधून, एरेकॉर्डनं दाखवलेल्या क्रमांकावरून, दोन्ही इनपुटांआधी थ्रेड क्यूचा आकार १०२४, चित्र एफएफव्ही१ मध्ये, आवाज कच्च्या पीसीएममध्ये, फाइल एमकेव्ही. एफएफव्ही१ मध्ये एकही बिंदू गमावला जात नाही आणि तासाला साधारण २५ ते ३५ गिगाबाइट लागतात, कच्च्या चित्राला लागले असते ७५ च्या घरात. ई-१८० कॅसेट म्हणजे तीन तास, तेव्हा ११० गिगाबाइट मोकळे ठेवून बसा. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर ४ गिगाबाइटांवर फाइल तुटते. ती आधी एक्सफॅट किंवा ईएक्सटी४ करून घ्या.

सुरू करण्याआधी क्यूव्ही४एल२ मध्ये कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा. मंचावरचं पांढरं धोतर किंवा गॅसबत्तीचा उजेड सपाट पांढरा डाग झाला, तर ती माहिती नंतर परत येत नाही. उलट चवथीच्या कॅसेटीत माटोळीचा (गणपतीच्या वर टांगलेल्या फळांचा) लाल-केशरी रंग फळांच्या कडेबाहेर सांडलेला दिसेल. त्याला कार्ड जबाबदार नाही. व्हीएचएसमध्ये रंगाचा तपशील उजेडाच्या तुलनेत फार थोडा साठवला जातो, त्यामुळे रंग कडा पाळत नाही. सॅच्युरेशन जरा कमी केलं तर डोळ्याला बरं वाटतं. चित्राच्या अगदी तळाशी पाच-सात रेषा फाटलेल्या दिसतात, तोही दोष नाही: व्हीसीआर तिथे एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती लपत असे. रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, शेवटच्या प्रतीत झाका.

व्हीसीआरच्या मेन्यूत निळ्या पडद्याची सोय असेल तर ती बंद करा. फितीवर रिकामी जागा आली की व्हीसीआर निळा पडदा टाकतो, त्या उडीत कार्डाचा ताल सुटतो आणि काही चौकटी गळतात. प्रत्येक गळलेल्या चौकटीमागे आवाज चित्राच्या ०.०४ सेकंद मागे पडतो. तासाभरानंतर नटाचे ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं ते यामुळे. दुसरं कारण दोन घड्याळं. चित्र कार्डाच्या घड्याळावर आणि आवाज मदरबोर्डाच्या, असं असेल आणि दोघांत दहा हजारात एक एवढा जरी फरक असला, तरी तीन तासांत एक सेकंद तफावत पडते. आवाजाला एफएफएमपेगची ‘एरिसँपल=असिंक=१’ ही गाळणी (फिल्टर) लावली की ती सावरली जाते. फीत फारच झिजली असेल आणि चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वळत असेल, तर व्हीसीआर आणि कार्ड यांच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर घालून त्यातून सिग्नल पुढे काढा. बरेच रेकॉर्डर त्या वाटेत रेषा ताळ्यावर आणतात. निव्वळ डीव्हीडी प्लेअरचा इथे उपयोग नाही.

घरच्यांना देण्याची प्रत वेगळी करायची. पॅलच्या प्रत्येक चौकटीत दोन फील्ड (एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं) असतात, म्हणजे सेकंदाला ५० क्षण. ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ गाळणीनं ते उलगडून ५० चौकटींची फाइल करा. पंचवीसची केली तर फुगडीचा गिरका अडखळतो. हालचाल पुढे-मागे थरथरली तर फील्डचा क्रम उलटा लागलाय: ‘सेटफील्ड=टीएफएफ’ आधी लावा. आकार ७६८×५७६, नाहीतर माणसं उगाच बारीक दिसतात. चित्र एच२६४ मध्ये, सीआरएफ (गुणवत्तेचा आकडा) १८ ते २०. तासाला दोन-तीन गिगाबाइटांच्या आसपास बसतं आणि कुठल्याही मोबाइलवर चालतं.

दोन यंत्रांतलं कुठलं वापरायचं? पीसीआय कार्ड एसएए७१३४ च्या घराण्यातलं निघालं तर तेच. यूएसबीच्या रस्त्याची कटकट नाही आणि चित्र-आवाज एकाच कार्डातून येतात. बीटी८७८ निघालं आणि आवाजाला लाइन-इनची वायर ओढावी लागणार असेल, तर एसटीके११६० चं ईझीकॅप जास्त सोयीचं. सुरुवात सगळ्यांत कमी महत्त्वाच्या कॅसेटीनं करा, दहा मिनिटं रेकॉर्ड करून शेवटचं मिनिट कानात हेडफोन घालून ऐका, आणि मगच नाटकाच्या कॅसेटीला हात लावा.